श्रॉपशायर काउंटी आणि तिथली छोटी गावे: स्थानिक कारभाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात ज्या नावाची बिस्किटे घेण्यासाठी लोक बेकरीसमोर रांगा लावतात, ते श्रूजबरी हे इंग्लंडमधील श्रॉपशायर काउंटीचे मुख्य ठिकाण आहे. वेल्सच्या सीमेला लागून असलेली ही काउंटी प्रामुख्याने शेतीची, मेंढ्यांची आणि जुन्या बाजारपेठांच्या गावांची आहे. नोकरीनिमित्त किंवा शिक्षणानिमित्त तिथे राहायला जाणाऱ्या मराठी माणसाला आपल्याकडच्या ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेची सवय असते आणि त्या सवयीने तो तिथले कारभाराचे चित्र लावू पाहतो. ते काही ठिकाणी लागते, बऱ्याच ठिकाणी लागत नाही. पुढील प्रश्नोत्तरे त्या दृष्टीने मांडली आहेत.

श्रॉपशायरचा कारभार एकाच संस्थेकडे आहे का?

नाही. नकाशावर आणि बोलण्यात श्रॉपशायर एकच असले, तरी तिथे एकमेकींपासून स्वतंत्र अशा दोन मोठ्या कौन्सिल आहेत. १९९८ पासून टेलफर्ड शहर आणि त्याच्या आसपासचा भाग ‘टेलफर्ड अँड रेकिन’ या कौन्सिलकडे आहे. उरलेला, म्हणजे क्षेत्रफळाने फार मोठा भाग ‘श्रॉपशायर कौन्सिल’कडे आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार या दुसऱ्या भागाची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आत आहे आणि क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण शंभर माणसे. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण कचरा उचलण्यापासून वृद्धांच्या घरी मदतनीस पाठवण्यापर्यंत इथल्या बहुतेक अडचणींचे मूळ या विरळ वस्तीत सापडते.

दोन कौन्सिलांच्या या विभागणीमुळे नव्या माणसाचा गोंधळ होतो. १७७९ मध्ये उभारलेल्या लोखंडी पुलामुळे जगप्रसिद्ध झालेले आयर्नब्रिज टेलफर्डच्या कौन्सिलकडे आहे, तर जवळचेच ब्रोजली श्रॉपशायर कौन्सिलकडे. घर भाड्याने घेण्यापूर्वी ते कोणाच्या हद्दीत येते हे विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

तिथे कलेक्टर असतो का?

नसतो, आणि भारतीय वाचकाला सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट हीच आहे. जिल्हाधिकारी हे पद इंग्रजांनी वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७२ मध्ये, बंगालमध्ये सुरू केले. महसूल, दंडाधिकार आणि देखरेख एकाच हातात देणारी ही रचना त्यांनी भारतात राबवली, पण स्वतःच्या देशात कधीच आणली नाही. श्रॉपशायरमध्ये राजाचा प्रतिनिधी म्हणून लॉर्ड लेफ्टनंट असतो आणि दर वर्षी नवा हाय शेरीफही नेमला जातो, परंतु ही दोन्ही पदे मानाची आहेत. त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेल्यास हसतमुख स्वागत होईल, काम होणार नाही. कौन्सिलचा मुख्य अधिकारी सरकारने बदलीवर पाठवलेला नसतो. त्याची नेमणूक कौन्सिलच करते आणि तो कौन्सिललाच उत्तरदायी असतो.

२००९ मध्ये नेमके काय बदलले?

त्याआधी इथे दोन स्तर होते. वर काउंटी कौन्सिल, जिच्याकडे शाळा, मोठे रस्ते आणि समाजसेवा. आणि खाली पाच जिल्हा कौन्सिल, ज्यांच्याकडे कचरा, बांधकाम परवानग्या आणि घरे. नॉर्थ श्रॉपशायर, ऑस्वेस्ट्री, श्रूजबरी अँड ॲचम, ब्रिजनॉर्थ आणि साउथ श्रॉपशायर ही त्या पाचांची नावे. १ एप्रिल २००९ रोजी हे पाचही रद्द झाले आणि काउंटी कौन्सिलच्या जागी सर्व कामे एकत्र पाहणारी एकस्तरीय श्रॉपशायर कौन्सिल आली. खर्च वाचेल आणि नागरिकाला एकच दार ठोठवावे लागेल, ही त्यामागची भूमिका होती.

हा बदल सर्वांना मान्य नव्हता. श्रूजबरी अँड ॲचम या बरो कौन्सिलने (‘बरो’ हे काही जिल्हा कौन्सिलांना मिळालेले मानाचे नाव) सरकारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ मध्ये कौन्सिल हरली. तो निकाल आज कायद्याच्या अभ्यासकांना ठाऊक असतो. लडलो किंवा बिशप्स कासल इथल्या रहिवाशाला मात्र एवढेच ठाऊक असते, की पूर्वी साउथ श्रॉपशायरचा कारभार लडलोतून चाले आणि आता निर्णय श्रूजबरीत होतात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने श्वेतपत्रिका काढून दोन स्तर उरलेल्या बाकीच्या काउंट्यांनाही याच मार्गाने नेण्याचे ठरवले. त्यामुळे श्रॉपशायरचा अनुभव इतरांनी बारकाईने पाहण्यासारखा आहे.

टाउन कौन्सिल आणि पॅरिश कौन्सिल यांत फरक काय?

अधिकारांच्या दृष्टीने काहीही नाही. कारभाराचा सर्वांत खालचा स्तर म्हणजे पॅरिश. १८९४ च्या कायद्याने तिला निवडून आलेली कौन्सिल मिळाली. १९७२ च्या कायद्याने अशी तरतूद केली, की एखादी पॅरिश कौन्सिल स्वतःच ठराव करून ‘टाउन’ हे नाव घेऊ शकते आणि मग तिच्या अध्यक्षाला मेयर म्हणता येते. म्हणून पाऊण लाखाहून अधिक लोकसंख्येचे श्रूजबरी आणि दोन हजारांच्या आतले बिशप्स कासल या दोन्हींकडे टाउन कौन्सिलच आहे. इंग्लंडभर अशा सुमारे दहा हजार पॅरिश आणि टाउन कौन्सिल आहेत, त्यांपैकी दीडशेच्या आसपास श्रॉपशायर कौन्सिलच्या हद्दीत. श्रूजबरीची टाउन कौन्सिल तर २००९ मध्येच जन्माला आली, कारण बरो कौन्सिल रद्द झाल्यावर शहराला स्वतःचे असे काही उरले नव्हते.

पॅरिश म्हणजे चर्चचा कारभार ना?

एके काळी होता. १८९४ पासून नागरी पॅरिश आणि चर्चची पॅरिश वेगळ्या झाल्या. आज कौन्सिलचा धर्माशी संबंध नाही आणि दोन्हींच्या सीमाही अनेकदा जुळत नाहीत.

लहान गावांना ‘टाउन’ म्हणवून घेण्याचा एवढा सोस का?

सोस हा शब्द थोडा कठोर आहे, कारण बहुतेकांच्या मागे खरा इतिहास आहे. मच वेनलॉकला चौथ्या एडवर्ड राजाने १४६८ मध्ये सनद दिली. बिशप्स कासलला पहिल्या एलिझाबेथकडून १५७३ मध्ये मिळाली. मूठभर वस्तीचे बिशप्स कासल १८३२ च्या सुधारणेपर्यंत संसदेत दोन सदस्य पाठवत असे, जेव्हा नव्याने वाढलेल्या मोठ्या औद्योगिक शहरांना एकही सदस्य नव्हता. लडलोच्या किल्ल्यातून वेल्स आणि सीमाभागाचा कारभार पाहणारी परिषद चाले; ती १६८९ मध्ये बंद झाली. ब्रिजनॉर्थचे सतराव्या शतकातले टाउन हॉल आजही मुख्य रस्त्याच्या मधोमध खांबांवर उभे आहे आणि गाड्या त्याच्या खालून जातात.

मच वेनलॉकचे उदाहरण विशेष सांगण्यासारखे आहे. विल्यम पेनी ब्रुक्स या तिथल्या डॉक्टरने १८५० मध्ये गावात ऑलिम्पियन खेळ सुरू केले आणि ते पाहण्यासाठी १८९० मध्ये आधुनिक ऑलिम्पिकचे प्रवर्तक पिअर द कुबर्तँ स्वतः आले होते. आधुनिक ऑलिम्पिक त्यानंतर सहा वर्षांनी सुरू झाले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या शुभंकराला ‘वेनलॉक’ हे नाव दिले गेले ते त्यामुळेच. अशा गावाला आपली कौन्सिल, आपले मेयर आणि त्यांच्या गळ्यातली साखळी प्यारी असणारच. अडचण इतकीच, की मानाच्या प्रमाणात अधिकार मिळालेले नाहीत.

रस्त्यातला खड्डा, कचरा, शाळा, पोलीस: कोणाकडे जायचे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक लोक चुकीच्या दारात उभे राहतात. खड्डा गावातला असला तरी तो टाउन कौन्सिलचा नसतो. स्थानिक रस्ते श्रॉपशायर कौन्सिलकडे आहेत. ए-५ आणि ए-४९ यांसारखे प्रमुख मार्ग मात्र ‘नॅशनल हायवेज’ या सरकारी कंपनीकडे आहेत. घरचा कचरा, बांधकाम परवानगी, शाळाप्रवेश, ग्रंथालये, मुलांचे संरक्षण आणि वृद्धांची देखभाल ही कामे श्रॉपशायर कौन्सिलची. पोलीस वेस्ट मर्सिया या दलाचे, जे शेजारच्या हेरफर्डशायर आणि वुस्टरशायरमध्येही काम करते. अग्निशमन सेवेचे स्वतंत्र प्राधिकरण आहे. रुग्णालये राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे असल्यामुळे कौन्सिलचा त्यांच्याशी थेट संबंध नसतो. सेव्हर्न नदीला पूर आला की मोठ्या नदीची जबाबदारी पर्यावरण खात्याच्या एजन्सीची आणि गावातल्या साचलेल्या पाण्याची श्रॉपशायर कौन्सिलची. कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ही वाटणी समजावून सांगणे सोपे नाही.

मग टाउन आणि पॅरिश कौन्सिलकडे काय उरते? बाके, बसथांबे, खेळाची मैदाने, दफनभूमी, युद्धस्मारके, काही ठिकाणी रस्त्यांवरचे दिवे, सार्वजनिक स्वच्छतागृहे, गावातले सभागृह, बाजार आणि भाजीपाला लावण्यासाठी नागरिकांना भाड्याने दिले जाणारे जमिनीचे तुकडे. या शेवटच्या गोष्टीबद्दल १९०८ चा कायदा आहे आणि मागणी असेल तर जमीन उपलब्ध करून देणे हे कौन्सिलचे कर्तव्य मानले जाते. घरामागे मेथी-कोथिंबीर लावायला जागा नसलेल्यांनी ही माहिती अवश्य लक्षात ठेवावी. श्रूजबरीत नदीकाठचे क्वारी हे प्रसिद्ध उद्यानही टाउन कौन्सिलच सांभाळते.

पैसा कुठून येतो?

प्रत्येक घरावर काउन्सिल टॅक्स असतो. घरांचे ‘ए’ पासून ‘एच’ पर्यंत आठ गट आहेत आणि कोणते घर कोणत्या गटात, हे १ एप्रिल १९९१ रोजी त्याची किंमत किती झाली असती यावरून ठरते. होय, १९९१. नंतर बांधलेल्या घराचीही त्या दिवशीची काल्पनिक किंमत काढली जाते, कारण इंग्लंडमध्ये फेरमूल्यांकन करण्याचे धाडस एकाही सरकारने केलेले नाही. ‘डी’ हा प्रमाण गट आहे. ‘ए’ ला त्याच्या दोन तृतीयांश कर पडतो आणि ‘एच’ ला दुप्पट. घरात एकच प्रौढ राहत असेल तर पाव सवलत मिळते आणि फक्त पूर्णवेळ विद्यार्थी राहत असलेल्या घराला कर माफ असतो.

बिल एकच येते, पण त्यात चार वाटेकरी असतात: श्रॉपशायर कौन्सिल, पोलीस, अग्निशमन आणि तुमची टाउन किंवा पॅरिश कौन्सिल. शेवटच्या वाट्याला ‘प्रीसेप्ट’ म्हणतात. टाउन कौन्सिल दर वर्षी आपल्याला किती रक्कम हवी ते कळवते आणि श्रॉपशायर कौन्सिलला ती वसूल करून द्यावीच लागते. मोठ्या कौन्सिलला ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त करवाढ करायची असेल तर सार्वमत घ्यावे लागते. प्रीसेप्टला अशी मर्यादा नाही. दुसरीकडे, सरकारचे नियमित अनुदान किंवा व्यावसायिक मालमत्तांवरच्या करातला हिस्साही या लहान कौन्सिलांना मिळत नाही.

श्रॉपशायर कौन्सिल आर्थिक अडचणीत आहे असे ऐकतो. त्याचा लहान गावांवर काय परिणाम होतो?

अडचण खरी आहे. २०२५ मध्ये कौन्सिलने स्वतःच आर्थिक आणीबाणी जाहीर केली. कारणे फारशी गूढ नाहीत. इथली लोकसंख्या वयस्क आहे, वृद्धांची आणि असहाय मुलांची देखभाल हे कायद्याने बंधनकारक काम आहे आणि अंदाजपत्रकाचा फार मोठा भाग त्यातच संपतो. विरळ वस्तीमुळे मदतनीसाला एका घरून दुसऱ्या घरी जाण्यातच बराच वेळ जातो. जे बंधनकारक नाही त्यालाच मग कात्री लागते: ग्रंथालयांच्या वेळा, युवक केंद्रे, स्वच्छतागृहे, गवतकापणी.

इथे लहान कौन्सिलांसमोर पेच उभा राहतो. ‘हे आम्हाला परवडत नाही, तुम्ही घेता का, नाहीतर बंद करावे लागेल’ असा प्रस्ताव श्रूजबरीहून येतो. घ्यायचे तर प्रीसेप्ट वाढवावा लागतो आणि गावकऱ्यांना वाटते की टाउन कौन्सिल उधळपट्टी करते आहे. नाकारायचे तर स्वच्छतागृहाला कुलूप लागते आणि दोषही टाउन कौन्सिललाच दिला जातो. सेवा खाली सरकतात, पण रस्ते, परवानग्या आणि धोरण यांवरचे अधिकार वरच राहतात. २००९ चा बदल कागदावर एकस्तरीय होता. प्रत्यक्षात त्याने खालच्या स्तरावर नवे ओझे टाकले, आणि त्याचा हिशेब त्या वेळी फारसा कोणी मांडला नव्हता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. श्रूजबरी किंवा ऑस्वेस्ट्री असे ओझे पेलू शकतात. दोनचारशे घरांच्या आणि अर्धवेळ क्लार्कच्या भरवशावर चालणाऱ्या पॅरिशला ते जमत नाही.

हा क्लार्क म्हणजे कारकून का?

मुळीच नाही. क्लार्क हा कौन्सिलचा पगारी मुख्य अधिकारी असतो. आपल्या ग्रामसेवकाच्या जवळ जाणारे हे पद आहे, फक्त त्याची नेमणूक कौन्सिल स्वतः करते. सभेची सूचना काढणे, कायदेशीर सल्ला देणे आणि बहुधा हिशेब सांभाळणेही त्याच्याकडे असते. कौन्सिलर बहुतांशी बिनपगारी असतात आणि मेयर वर्षभराने बदलतात, त्यामुळे गावाची खरी स्मरणशक्ती क्लार्कपाशी असते. काही काम असेल तर पहिला ईमेल त्यालाच करावा.

शेजारी नवी वसाहत उभी राहते आहे. टाउन कौन्सिल ती थांबवू शकते का?

थांबवू शकत नाही, मत देऊ शकते. प्रत्येक अर्जावर तिचे म्हणणे मागवले जाते, परंतु निर्णय श्रॉपशायर कौन्सिलचा. २०११ च्या कायद्याने मात्र एक उपयोगी हत्यार दिले: गावाने स्वतःचा विकास आराखडा तयार करावा, तो तपासनिसाकडून मंजूर करून घ्यावा आणि स्थानिक सार्वमतात संमत झाला तर अर्जांवर निर्णय घेताना तो विचारात घेणे बंधनकारक ठरते. मच वेनलॉकने असा आराखडा लवकर, २०१४ मध्ये, लागू करून घेतला. आराखडा असलेल्या गावाला बांधकामावरील पायाभूत सुविधा शुल्कातला २५ टक्के हिस्सा मिळतो. नसेल तर १५ टक्के.

सभेला कोणालाही जाता येते का?

येते. १९६० चा कायदा जनतेला तसा हक्क देतो, आणि तो संसदेत मांडला होता त्या वेळी नवख्या असलेल्या सदस्य मार्गारेट थॅचर यांनी. सभेची सूचना किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते, सुरुवातीला बहुधा नागरिकांच्या प्रश्नांसाठी थोडा वेळ असतो आणि २०१४ पासून चित्रीकरणही करता येते. वैयक्तिक किंवा गोपनीय विषयापुरतेच लोकांना बाहेर पाठवता येते.

भारतीय पारपत्र असताना मत देता येते का? निवडणूक लढवता येते का?

दोन्हींची उत्तरे अनेकांना आश्चर्याचा धक्का देतात. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे, ब्रिटनमध्ये कायदेशीर परवान्यावर राहणाऱ्या १८ वर्षांवरील भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव नोंदवता येते आणि तो पॅरिशपासून संसदेपर्यंत सर्व निवडणुकांत मतदान करू शकतो. ब्रिटिश नागरिकत्वाची गरज नाही. पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या गोमंतकीयांची स्थिती वेगळी आहे: ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यातील करारामुळे त्यांना स्थानिक निवडणुकांत मत आहे, संसदेसाठी नाही. मे २०२३ पासून मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. त्यासाठी भारतीय पारपत्रही चालते.

उमेदवारीसाठी राष्ट्रकुलातील नागरिकाकडे कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असावा लागतो, किंवा त्याला परवान्याची गरजच नसावी लागते. शिवाय गावाशी नाते दाखवावे लागते: तिथल्या यादीत नाव, वर्षभर तिथे मालक किंवा भाडेकरू असणे, तिथेच मुख्य नोकरी किंवा पॅरिशच्या हद्दीपासून सुमारे ४.८ किलोमीटरच्या आत वर्षभर राहणे, यांपैकी एक पुरे. सूचक एक, अनुमोदक एक, अनामत रक्कम शून्य. लहान गावांत तर जागांपेक्षा उमेदवार कमी असल्यामुळे अनेकदा मतदानच होत नाही. मध्येच जागा रिकामी झाली आणि दहा मतदारांनी मुदतीत पोटनिवडणूक मागितली नाही, तर कौन्सिल सदस्य स्वतःच निवडून घेते.

राजकीय पक्षांचे वजन किती?

श्रॉपशायर कौन्सिलमध्ये पुष्कळ. २००९ पासून तिथे हुजूर पक्षाचे बहुमत होते. मे २०२५ मध्ये ते कोसळले आणि ७४ पैकी ४२ जागा जिंकून लिबरल डेमोक्रॅट सत्तेवर आले. पॅरिशमध्ये मात्र बहुतेक उमेदवार पक्षाचे नाव लावत नाहीत. पुढची निवडणूक मे २०२९ मध्ये आहे.

श्रूजबरीच्या चौकात क्लाइव्हचा पुतळा अजून कसा?

रॉबर्ट क्लाइव्हचा जन्म १७२५ मध्ये याच काउंटीत, मार्केट ड्रेटनजवळ झाला. तो श्रूजबरीचा खासदार होता आणि १७६२ मध्ये शहराचा मेयरही झाला. बंगालमधून आणलेल्या संपत्तीचा त्यात किती वाटा होता हे सांगायला नको. मराठी वाचकाला तो आणखी एका कारणाने ठाऊक असावा: १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेणाऱ्या मोहिमेत तो ॲडमिरल वॉटसनबरोबर होता, आणि त्या मोहिमेत पेशवेही इंग्रजांच्या बाजूने उतरले होते. पुतळा १८६० चा आहे. २०२० मध्ये तो हटवावा अशी मागणी झाली, श्रॉपशायर कौन्सिलमध्ये चर्चा झाली आणि बहुमताने तो जागेवर ठेवण्याचे ठरले.

कौन्सिलविरुद्ध तक्रार कुठे करायची?

श्रॉपशायर कौन्सिलविरुद्ध असेल तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे आणि समाधान न झाल्यास स्थानिक प्रशासनाच्या लोकपालाकडे. लोकपाल टाउन आणि पॅरिश कौन्सिलांच्या तक्रारी मात्र ऐकत नाही, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. एखाद्या पॅरिश कौन्सिलरच्या वर्तनाबद्दल श्रॉपशायर कौन्सिलच्या मॉनिटरिंग ऑफिसरकडे, म्हणजे कौन्सिलरांच्या आचरणावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लिहिता येते, पण दोष सिद्ध झाला तरी त्याला निलंबित करण्याचा अधिकार नसल्यामुळे कारवाई बहुधा समज देण्यावर थांबते. पैशांविषयी शंका असेल तर मार्ग अधिक भक्कम आहे: दर वर्षी तीस कामकाजी दिवस, ज्यांत जुलैचे पहिले दहा कामकाजी दिवस येतातच, हिशेबाची कागदपत्रे पाहता येतात आणि त्या मुदतीत स्थानिक मतदाराला बाहेरच्या लेखापरीक्षकाकडे लेखी हरकत नोंदवता येते. मुदतीची नोटीस गावाच्या फलकावर आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर लागते.